कवीला वाचक भेटायलाच हवा का?

अडुळसा
धाग्याचं कारण सांगते. एका साप्ताहिक पुरवणीत माझी रॉकेलच्या रांगेवरची कविता आली होती. लातूरकडच्या एका बाईंनी ती पाककृतींच्या वहीत उतरवून घेतली आणि त्या पानाचा फोटो मला पाठवला. वर शेंगदाण्याच्या चटणीचं प्रमाण, खाली माझी कविता. शेवटचं कडवं मात्र गायब! जागा संपली का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नाही ताई, तिथं तुम्ही आम्हाला समजावून सांगायला लागलात. ते नको वाटलं."
मी ते कडवं काढून टाकलं. त्यानंतर लिहायला जो हुरूप आला, तो कुठल्या बक्षिसानं आला नव्हता. माझं मत सरळ आहे: वाचकाशी गाठ पडल्याशिवाय कवी फार काळ टिकत नाही. एकांताचं कौतुक आपण उगाच करतो.

तिरकस
असहमत. उद्या दुसरी वाचक मधलं कडवं गाळेल, मग तेही काढणार? कविता आहे की भिशीचा हिशेब, सगळ्यांना विचारून ठरवायला?
केशवसुत १९०५ साली गेले. त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं १९१७ साली, तेही हरिभाऊ आपट्यांनी काढलं म्हणून. हयातीत स्वतःचा एक संग्रह हातात न घेता त्या माणसानं मराठी कवितेची दिशा बदलली. त्यांना कुणी वहीचे फोटो पाठवत नव्हतं.

गावठाण
तिरकसराव, अर्धंच सांगितलंत. त्याच हरिभाऊंच्या 'करमणूक' साप्ताहिकात केशवसुतांच्या कविता छापून येत होत्या. पुस्तक नव्हतं म्हणजे वाचक नव्हता असं कसं? हरिभाऊ हाच केवढा मोठा वाचक! शंभर टाळ्यांपेक्षा असा एक पुरतो.
शिवाय १९०७ चं जळगावचं कविसंमेलन आठवा. सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमरेनं कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. पोराच्या अंगावर मूठभर मांस चढलं असणार.

तिरकस
आणि ते नाव कायमचं चिकटलं. १९१८ साली रेल्वेखाली गेले तेव्हा ऐन सत्ताविशीत होते, तरी बालकवीच! कौतुकाचं हे असंच असतं, ते तुम्हाला एका जागी बसवून ठेवतं. आजची कविसंमेलनं बघा. आई, बाप, शेतकरी, लेक सासरी. सूत्रसंचालक आधीच बजावतो, "टाळ्या कमी पडतायत हं!" तिथं चाललेली कविता कवी पुढची दहा वर्षं म्हणत फिरतो. नवीन लिहायची गरजच काय?

निंबोणी
मंचाला सरसकट झोडपू नका. विंदा, बापट आणि पाडगावकर गावोगाव काव्यवाचन करत हिंडले. सभागृहं भरायची. पण त्याच विंदांनी संगीतातल्या तालांवर तालचित्रं लिहिली, चौदा ओळींची मुक्त सुनीतं लिहिली. एका फटक्यात टाळी मिळेल असा तो ऐवज नाही. म्हणजे टाळ्या पचवता येतात. पचवण्याची ताकद कवीत हवी, एवढंच.

तिरकस
विंदा अपवाद हो. अपवादावर नियम नका बांधू.

मात्रावृत्त
मी गझल लिहितो, म्हणून वेगळं सांगतो. 'वा, क्या बात!' आणि दोन फुलं, हे माझ्या ग्रुपवर सकाळी चहाआधी येतं. कविता उघडलीसुद्धा नसते. त्यात कसलं आलंय प्रोत्साहन? 'चौथ्या शेरात एक मात्रा जास्त आहे' असं कुणी कळवलं की त्या दिवशी खरी उभारी येते, कारण कुणीतरी बोटांवर मोजत वाचलेलं असतं.
सुरेश भट हेच जाणून होते. नवख्यांना ते 'गझलेची बाराखडी' ही पुस्तिका पाठवायचे. तुझं लिखाण छान आहे म्हणून सोडून देण्याऐवजी आधी हे शिक, असं सांगायचे. मराठीत गझल लिहिणाऱ्यांची एक अख्खी पिढी त्यातून उभी राहिली.
अडुळसाताई, म्हणून तुमच्या लातूरच्या बाई मला थोर वाटतात. त्यांनी स्तुती केलीच नाही, संपादन केलं.

अडुळसा
मात्रावृत्त, अगदी हेच! तिरकस, प्रत्येकाचं ऐकेन असं मी कुठं म्हटलं? त्याच कवितेतला 'पिपाचा वास' एका काकांना खटकला होता. तो तसाच ठेवला. बाईंचं पटलं, कारण ते कडवं लिहिताना मलाही अवघडल्यासारखं झालं होतं.

तिरकस
म्हणजे निर्णय तुमचाच होता, बाई निमित्त. हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय.

गावठाण
निमित्त मिळालं नसतं तर कडवं अजून तिथंच असतं, त्याचं काय?

फक्त_वाचक
मी कविता लिहीत नाही, वाचते. या धाग्यावर बहुधा एकटीच. कवींनी वाचकांशी बोलावं हे मान्य, पण अनुभव सांगते. छोट्या दिवाळी अंकांत कवितेखाली मोबाइल नंबर असतो. आवडलं की मी फोन करते. पलीकडचे गृहस्थ आनंदतात, आजवर कुठे कुठे छापून आलं ते सांगतात, मग पत्ता विचारतात. आठवड्याभरात स्वखर्चानं काढलेले दोन संग्रह कुरिअरनं दारात, सोबत चिठ्ठी: 'अभिप्राय अवश्य कळवावा, शक्यतो सविस्तर.' त्यापाठोपाठ प्रकाशन समारंभाचं निमंत्रण.
कोणती ओळ आवडली, हे मात्र कुणीही विचारत नाही. मी फोन करते तो त्या ओळीबद्दल बोलायला. एकदा मी आपणहून ओळ म्हणून दाखवली, तर ते म्हणाले, "ती होय? त्याहून भारी माझ्याकडे आहेत," आणि नवी कविता सुरू केली. गॅसवर दूध होतं माझं.