अक्षरे सुटी केलेला घटस्फोट

कोनाडा :
‘माजघर’ यांनी काल लिहिले की अमेरिकेतल्या कंट्री या ग्रामीण वळणाच्या संगीताची गायिका टॅमी वायनेट हिचे १९६८ मधले ‘डी-आय-व्ही-ओ-आर-सी-ई’ (‘डिव्होर्स’, म्हणजे घटस्फोट, या इंग्रजी शब्दाची सुटी अक्षरे) हे गाणे म्हणजे बाईच्या आसवांचा बाजार आहे, आणि त्याच वर्षी ‘स्टँड बाय युवर मॅन’ गाऊन नवऱ्याला सांभाळून घेण्याचा सल्ला देणाऱ्या गायिकेच्या दुःखावर विश्वास ठेवण्याचे काही कारण नाही. हे वाचून मला गप्प बसवले नाही.

या गाण्यातल्या आईसमोर तिचा चार वर्षांचा मुलगा आहे. त्याला कळू नयेत म्हणून ती दुखरे शब्द एकेक अक्षर सुटे करून उच्चारते. मुलाला वाटते की नाताळ आला किंवा आपला वाढदिवस आला. ‘ताबा’ हा शब्द त्याला एखाद्या खेळाचे नाव वाटतो. डोळ्यांतले पाणी मात्र अक्षरे सुटी करून लपत नाही, म्हणून ती बोलताना तोंड फिरवते. ज्या बाईची सगळी धडपड अश्रू मुलाला दिसू नयेत यासाठी आहे, तिने अश्रूंचा बाजार मांडला असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आमच्या घरी आई-वडिलांचे भांडण इंग्रजीत होत असे. एरवी दोघेही शुद्ध मराठीत बोलत, त्यामुळे स्वयंपाकघरातून इंग्रजी ऐकू आले की मी आणि धाकटी बहीण ताटावर बसल्या जागी घास गिळायचे थांबत असू. शब्द कळत नव्हते, पण इंग्रजी कशासाठी काढतात ते पक्के कळत होते. पाचवीत तो विषय सुरू झाला तेव्हा वर्गातल्या मुलांना नवे पुस्तक मिळाल्याचा आनंद झाला आणि मला ते उघडायची भीती वाटली. तीन मिनिटांच्या आत ही भीती पकडणारे दुसरे गाणे मला ठाऊक नाही.

माजघर :
आपल्या बालपणाबद्दल मला आदर आहे, परंतु आपल्याला गाणे भिडले म्हणून ते खरे ठरत नाही. त्याच काळात, कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या त्याच नॅशव्हिलमध्ये गायिका लोरेटा लिन आपल्या गाण्यात दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला दारातच ठणकावत होती आणि ते गाणे १९६७ मध्ये कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पंधराव्या वर्षी लग्न आणि विशीच्या आत चार मुले झालेल्या या बाईने १९७५ मध्ये संततिनियमनाच्या गोळीवरचे ‘द पिल’ गायले, तेव्हा अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. तिने शब्द सुटे केले नाहीत, सरळ उच्चारले. शिवाय आपण ज्या आईचे गुणगान करता तिचे शब्द बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोन पुरुषांनी लिहिलेले आहेत. आईने कसे सोसावे हे पुरुषांनी लिहायचे आणि आपण गहिवरायचे, हे मला मान्य नाही.

पेटीवाला :
पुरुषाने बाईच्या तोंडी शब्द घातले म्हणून ते खोटे ठरत असतील, तर रामजोशी, होनाजी बाळा आणि पठ्ठे बापूराव यांच्या किती लावण्या आपण फेकून देणार? ब्रॅडॉकने या गाण्याची पहिली चाल फार आनंदी बांधली होती आणि ते कोणी घेत नव्हते. पुटमनने ती चाल बदलून तिच्यात दुःख आणले, तेव्हा कुठे ते गाणे उभे राहिले. मी चाळीस वर्षे पेटीची साथ करतो आहे. शब्द कोणाचे यापेक्षा सूर कुठे थांबतो हे ऐकणाऱ्याला आधी कळते.

सांजवेळ :
लावणीचे उदाहरण देऊन आपण ‘माजघर’ यांचीच बाजू भक्कम केली आहे. शाहिराने रचलेली विरहिणी पुरुषांच्या बैठकीसाठी होती. बायकांचे स्वतःचे दुःख जात्यावरच्या ओवीत होते आणि त्याला बिदागी नव्हती. माझी आजी पहाटे दळताना माहेरचे नाव घेऊन जे गात असे, ते ओसरीवर निजलेल्या आजोबांना ऐकू जात असे, आणि त्यांनी एकदाही त्याचा अर्थ विचारला नाही. चाळीस वर्षे साथ करून आपल्याला फक्त सूर ऐकू येत असेल, तर ती अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे.

पेटीवाला :
माझ्या साधनेवर बोलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपल्या आजींविषयी मी एक शब्दही वावगा काढलेला नाही.

कोनाडा :
दोघांनाही विनंती आहे की लेखक पुरुष की बाई, या कसोटीचे काय होते ते एकदा तपासावे. कंट्री संगीतात बाईने पुरुषाला दिलेले गाजलेले पहिले उत्तर म्हणजे १९५२ मधले किटी वेल्सचे गाणे. त्याने एकट्या गायिकेला प्रथमच त्या यादीत अव्वल स्थान मिळवून दिले आणि ते जे. डी. मिलर या पुरुषाने लिहिले होते. उलट ‘माजघर’ यांना खटकणाऱ्या ‘स्टँड बाय युवर मॅन’वर निर्माता बिली शेरिलच्या बरोबरीने टॅमीचे स्वतःचे नाव आहे. बंड पुरुषाच्या लेखणीतून आले आणि सोशिकपणात बाईचा हात होता. ही टॅमी पहिले लग्न मोडून, केशभूषेचे काम करत, १९६६ मध्ये तीन मुलींना घेऊन नॅशव्हिलला आली आणि पुढे एवढे नाव झाल्यावरही केशभूषेचा परवाना दरवर्षी नव्याने काढून ठेवत राहिली. तिने आयुष्यात पाच लग्ने केली. नवऱ्याला धरून राहावे असे गाणारी बाई त्याला सोडून कसे जगायचे याचीही तजवीज ठेवते, यात मला खोटेपणा दिसत नाही. तिला दोन्ही वाटा ठाऊक होत्या.

वडाचा पार :
बाई आणि आई यांच्यावर इतके लिहिले गेले, परंतु या गाण्यात बाप कुठे आहे, हे एकानेही विचारले नाही. मी घटस्फोटित आहे. दर पंधरवड्याला न्यायालयाच्या आवारातल्या एका खोलीत मला माझी मुलगी दोन तास भेटत असे, आणि तिथल्या मोडक्या घसरगुंडीजवळ उभे राहून मी घड्याळ पाहत असे. टॅमीच्या गाण्यातली आई मुलाला घेऊन निघून जाते. मागे राहणाऱ्या माणसाला चेहराच नाही. त्या माणसाचे घर गायक जॉर्ज जोन्सने १९७४ मध्ये ‘द ग्रँड टूर’मध्ये खोलीखोलीने दाखवले, तेव्हा तो टॅमीचाच नवरा होता आणि पुढच्या वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. त्या गाण्याच्या तीन लेखकांपैकी जॉर्ज रिची पुढे टॅमीचा पाचवा नवरा झाला. मला ऐकायचे असते तेव्हा मी ते ऐकतो.

माजघर :
लेखक पुरुष असल्याचा मुद्दा मी मागे घेते, कारण किटी वेल्सच्या उदाहरणाला माझ्याजवळ उत्तर नाही. ‘बाजार’ हा शब्दही कठोर होता. परंतु लोरेटाच्या शेजारी ठेवल्यावर हे गाणे मला आजही भित्रे वाटते, आणि कोणाच्या बालपणाच्या किंवा घसरगुंडीच्या आठवणीने ते मत बदलणार नाही.

कोनाडा :
‘वडाचा पार’, बाप त्या गाण्यात आहे. शेवटी ती आई जे बोलते ते मुलाला उद्देशून नाही; माझे तुम्हा दोघांवरही प्रेम आहे, असे ती म्हणते. नवरा समोर उभा आहे आणि त्याला अक्षरे जुळवता येतात.

वडाचा पार :
ती ओळ आत्ता पुन्हा ऐकली. ‘दोघांवर’ असे ती म्हणते, हे खरे आहे. इतकी वर्षे ते मला ऐकू आले नव्हते. तरीही त्याने काय उत्तर दिले, हे तिथे नाही.