जिराफाला ‘बीपी’ आहे का? (रक्तदाब, नियंत्रण, नियमन, धमनी, रोहिणी)

प्रश्न
शाळकरी मुलांसाठी प्राण्यांच्या रक्ताभिसरणावर लेख लिहितेय. ‘जिराफाला उच्च रक्तदाब असतो’ असं लिहिलं, तर आई म्हणाली, “मग त्याला गोळी कोण देतं?” हसू आलं, पण वाक्य खटकलं ते खटकलंच. शिवाय रक्तदाबाचं ‘नियंत्रण’ की ‘नियमन’? आणि हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीला काय म्हणू, धमनी की रोहिणी?

पशुवैद्य
आईंचं बरोबर आहे. आपल्याकडे ‘त्यांना बीपी आहे’ म्हटलं की दुखणं आहे असाच अर्थ होतो. दाब तर सगळ्यांनाच असतो, नसला की कारभार आटोपला! ‘उच्च रक्तदाब’ हेही आता आजाराचंच नाव झालंय. जिराफाच्या हृदयापाशी दाब २०० मिमी पाऱ्याच्या आसपास, म्हणजे आपल्या साधारण दुप्पट असतो, पण तो आजारी नसतो. रक्त एक मीटर वर चढवायला सुमारे ७७ मिमी दाब खर्ची पडतो. डोकं हृदयापासून दोनेक मीटर उंच. तेव्हा इतक्या दाबाने ढकललं तरच मेंदूपर्यंत बेताचा दाब उरतो. म्हणून ‘जिराफाचा रक्तदाब जास्त असतो’ असं लिहा. ‘चा’ लावला की मोजमाप, ‘ला’ लावला की दुखणं.

जुना वाचक
हे ‘चा’ आणि ‘ला’चं आवडलं. ‘तापमान’ आणि ‘ताप’ असे दोन शब्द असल्यामुळे तिथे घोळ होत नाही, इथे एकाच शब्दावर दोन्ही कामं.
जाता जाता: ‘रक्तदाब’ हा संकर आहे. रक्त संस्कृत, दाब आपला घरचा. हिंदीने ‘रक्तचाप’ केलं. आपला दाब मला जास्त जिवंत वाटतो. त्यात दाबणं आहे आणि ‘घरात आजोबांचा दाब होता’ यातली जरबही आहे.

पशुवैद्य
आणि पारा कुठून आला, तेही मुलांना सांगा. इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी घोडीला आडवी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला काचेची उंच नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढलं. हे त्यांनी १७३३ साली छापलं. एवढी उंच नळी घेऊन कोण फिरणार? १८२८ मध्ये फ्रान्समधले वैद्य प्वासय यांनी रक्ताऐवजी पाऱ्याची नळी वापरली. पारा रक्ताच्या जवळजवळ तेरापट जड, त्यामुळे फुटांचं काम मिलिमीटरांत आलं. यंत्रातला पारा आता बहुतेक ठिकाणी गेला, मोजमापात राहिलाय.

मूळ प्रश्नकर्ती
आणि नियंत्रण-नियमन?

अनुवादक
माझा निकष असा: बाहेरून कुणी लगाम धरला तर नियंत्रण, आतल्या आत आपोआप जुळवून घेतलं तर नियमन. गोळी घेऊन रक्तदाब ‘नियंत्रणात’ येतो. जिराफ पाणी प्यायला मान खाली घालतो आणि पुन्हा वर करतो तेव्हा शरीर स्वतःच करतं ते नियमन. मानेतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात, मग हृदयाची गती कमी होते, वाहिन्या सैलावतात. यांना ‘दाबग्राही’ म्हणतात.

जुना वाचक
मुलांना ‘दाबग्राही’ म्हणजे दाबाचं गिऱ्हाईक वाटेल. ‘दाब ओळखणारे चेतातंतू’ लिहा, चार अक्षरं जास्त गेली तरी चालतील.

संस्कृतवाली
धमनी-रोहिणीकडे येते. ‘रोहिणी’ म्हणजे तांबडी, ‘नीला’ (हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी) म्हणजे निळी. जोडी देखणी आहे, मराठी विश्वकोशातही आहे. पण रंग फसवतो. हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणारी रोहिणी काळपट, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते. माशांत तर हृदयातून निघणारं सगळंच रक्त तसं, ते कल्ल्यांत जाऊन मग तांबडं होतं. तिथे ‘रोहिणी’ म्हणणं म्हणजे कोळशाला केशर म्हणण्यासारखं.
‘धमनी’ ‘ध्मा’ धातूवरून, म्हणजे फुंकणं, भाता चालवणं. चरकसंहितेत ‘ध्मानाद्धमन्यः’ अशी व्युत्पत्तीच दिलीय. गंमत म्हणजे जुन्या ग्रीकांनाही धमन्यांत हवा असते असं वाटे, कारण मेलेल्या प्राण्यात त्या बहुधा रिकाम्या सापडतात. पुढे गॅलेन या प्राचीन वैद्याने जिवंत प्राण्याची धमनी बांधून, चिरून आत रक्तच असल्याचं दाखवलं. पण धमनीतलं ठोक्याठोक्याने फुगणं खरंच आहे, म्हणून प्राण्यांवर लिहिताना माझं मत धमनीला.

पशुवैद्य
सहमत. मात्र पाठ्यपुस्तकात ‘रोहिणी’ वाचलेल्या मुलांसाठी पहिल्यांदा ‘धमनी (रोहिणी)’ लिहा.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय: ‘जिराफाचा रक्तदाब माणसाच्या साधारण दुप्पट असतो, तरी तो ठणठणीत असतो.’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मीठ खात नसेल.”