पूरग्रस्तांच्या कानात सुया : आधार की थोतांड?

कृष्णाकाठ (सांगली)
मंडळाच्या बैठकीत विषय निघालाय : यंदा पाणी आलं तर निवारा केंद्रात कानाच्या अ‍ॅक्युपंक्चरची सोय ठेवायची. प्रत्येक कानात पाच बारीक सुया आणि अर्धा-पाऊण तास गप्प बसायचं. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलात 1970 च्या दशकात व्यसनमुक्तीसाठी हे सुरू झालं. 2005 च्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये आपद्ग्रस्तांनाही दिलं. माझं मत, करावं. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. पडलेली घरं पुन्हा उभी राहिली, पण पत्र्यावर पाऊस वाजला की आमची निम्मी गल्ली अजून मोबाईलवर पाणीपातळी बघत रात्र काढते. पंचनाम्यात याचा रकानाच नव्हता.

स्टेथोस्कोप (मिरज)
दादा, दुखणं खरं आहे, पण औषधाचं काय? 2002 मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 620 कोकेनग्रस्तांवरची चाचणी छापून आली. काहींना ठरलेल्या बिंदूंवर सुया, काहींना कानाच्या भलत्याच जागी, काहींना नुसते मन शांत करणारे व्हिडिओ. सुयांचा वेगळा फायदा दिसला नाही. जी पद्धत व्यसनासाठीच बसवली ती तिथेच टिकली नाही, ती पुराच्या धसक्यावर कशी चालेल? शिवाय चिखल, ओले हात, पोरांची पळापळ. सुया मोजून परत कोण घेणार? एखादी सतरंजीत राहिली तर?

कृष्णाकाठ
2024 ची चाचणी का गाळता, सर? युद्धाचा धसका घेऊन आलेले 93 माजी सैनिक होते. खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने नकली सुयांपेक्षा जास्त आराम पडला.

स्टेथोस्कोप
गाळत नाही. पण तिथे एकेकाला 24 बैठकांपर्यंत उपचार होते, आणि तेही नुसत्या कानावर नव्हते. तुम्ही शाळेच्या वर्गात एकदा टोचून पाठवणार. हा दाखला त्याला लागू पडत नाही.

भिलवडीची सून
चाचण्या तुम्ही बघा. मी 2019 चं सांगते. शिबिरात समुपदेशनाला कुणी आले, बायकांना गोल बसवलं आणि "त्या रात्री काय झालं, एकेकीने सांगा" म्हणाले. आमच्या सासूबाईंची म्हैस दावणीलाच राहिली होती. सगळ्या गावाला ठाऊक, पण गावासमोर ते बोलायचं कसं? पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या, पाळी आली तशा उठून गेल्या. परत कधी बसल्या नाहीत. जिथे कुणी काही विचारत नाही, तिथे त्या बसतील.

स्टेथोस्कोप
ताई, हे पटलं. बळजबरीने बोलतं करू नये हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण गप्प बसायला सुई कशाला? चटई द्या, पंखा द्या, तासभर शांतता द्या.

भिलवडीची सून
सुनेला पाऊण तास नुसती बस म्हणणारं घर दाखवा, सर! "डॉक्टरांकडे नंबर लावलाय" म्हटलं की चहा दुसरं कुणीतरी टाकतं. सुईचा गुण असेल नसेल, सुईचं निमित्त लागतं.

पाटणचा
आमच्या तालुक्यात जुलै 2021 ला आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यावर दरडी आल्या. डोक्यावर डोंगर तोच ठेवून कानात काय टोचताय? आमचा आजा 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर मरेपर्यंत दाराला कडी न लावता झोपला. ती भीती वेडी नव्हती, जमीन खरंच हलत होती. आधी पक्कं घर द्या, मग सुया आणा नाहीतर ढोल वाजवा.

कृष्णाकाठ
घर मिळेपर्यंत रात्री कशा काढायच्या ते पण सांगा की, भाऊ.

हळदबाजार
कान सोनारानेच टोचावा. राज्यात अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांची नोंदणी होते. नोंदणी नसलेला शिबिरवाला दारातूनच परत पाठवा. फुकट म्हटलं की कुणीही पेटी घेऊन उभा राहतो.

स्टेथोस्कोप
एवढं पाळाल तर माझा विरोध अर्धा. नव्या सुया, मोजून लावणे, मोजून काढणे, वापरलेल्या जाड डब्यात. फलकावर 'विसाव्यासाठी' लिहा. 'धसका बरा होतो' लिहिलंत तर पहिली तक्रार माझी. आणि ज्याची झोप महिनाभर परत येत नाही त्याला सुईवर अडकवू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 द्या, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

कृष्णाकाठ
मान्य. फलकाचा मजकूर इथेच टाकतो, तुम्ही तपासा.

भिलवडीची सून
फलक वाचायला वेळ कुणाला आहे! बायकांची वेळ दुपारी तीनची ठेवा. पाच वाजता टँकर येतो, मग कुणी बसणार नाही.