सानपाड्यातला ‘एअरक्राफ्ट मॅन्युफॅक्चरिंग डिप्लोमा’ करू द्यावा का? भाऊ हट्टाला पेटलाय

कळवेकर_थोरला:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. धाकटा भाऊ यंदा दहावी झाला, ७१ टक्के, आणि विमानतळ सुरू झाल्यापासून त्याच्या डोक्यात एकच, विमान बनवायचं. उडवायचं नाही हां, बनवायचं. आम्ही राहतो कळव्याला, बाबा कंपनीत फिटर होते, गेल्या वर्षी रिटायर झाले, पीएफचे पैसे आहेत तेवढेच. आता सानपाड्यात एक इन्स्टिट्यूट आहे (नाव घेत नाही) तिथे हा मित्रासोबत जाऊन आला, त्यांनी सांगितलं एक वर्षाचा एअरक्राफ्ट मॅन्युफॅक्चरिंग डिप्लोमा, फी २ लाख ४० हजार, सर्टिफिकेट ‘इंटरनॅशनल’, आणि नवी मुंबई विमानतळावर १०० टक्के प्लेसमेंट. शनिवारपर्यंत १५ हजार टोकन भरा नाहीतर सीट जाईल. ऑफिस एकदम चकाचक, एसी, भिंतीवर विमानाचा हा मोठा फोटो, पण वर्कशॉप दाखवा म्हटलं तर म्हणे ते दुसरीकडे आहे, अॅडमिशन झाल्यावर दाखवतो.

बाबा म्हणतात गुपचूप आयटीआयला घाल. आई म्हणते बारावी सायन्स करू दे, मग ते एएमई का काय ते. मला यातलं काही कळत नाही, मी बँकेत आहे. विमान बनवणाऱ्या कामगाराला नेमकं शिक्षण काय लागतं, आणि हे कारखाने आपल्याकडे आहेत तरी कुठे?

घणसोली_एक्सप्रेस:
भावा तू कळव्याचा आहेस ना मग तुला सोप्पं करून सांगतो. कळवा कारशेडमध्ये लोकल बनते का? नाही, तिथे धुतात, तपासतात, दुरुस्त करतात. लोकल बनते चेन्नईच्या आयसीएफमध्ये. आणि ठाणे स्टेशनवर तर यातलं काहीच होत नाही, तिथे नुसती गर्दी. तर विमानतळ म्हणजे ठाणे स्टेशन. तिथे ‘मॅन्युफॅक्चरिंग’चं प्लेसमेंट देतो म्हणणारा माणूस फार तर सामान चढवायच्या नाहीतर ट्रॉलीच्या कामाला लावेल. ते कामही वाईट नाही पण त्यासाठी अडीच लाख कशाला भरायचे.
१५ हजार भरू नका. शनिवार गेला की पुढचा शनिवार येतो, सीट कुठे जात नाही.

रिव्हेटवाला_काका:
मी ११ वर्षं स्ट्रक्चर फिटर होतो, म्हणजे विमानाचा सांगाडा जोडणारा, महाराष्ट्राबाहेर, आता रबाळ्याला एका शॉपमध्ये आहे. पोराला विमान ‘बनवायचं’ आहे हे वाचून बरं वाटलं कारण सगळ्यांना पायलट नाहीतर केबिन क्रू व्हायचं असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विमान बनवणाऱ्या कामगाराला सरकारी लायसन्स लागत नाही. लायसन्स लागतं ते दुरुस्ती करून विमान उडायला योग्य आहे अशी सही करणाऱ्याला. कारखान्यात मान्यता कारखान्याला असते, डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्यांचं सीएआर-२१ म्हणतात, आणि कंपनी आपल्या माणसाला स्वतः ट्रेन करून, टेस्ट घेऊन कामावर सोडते. त्यामुळे कारखान्याच्या गेटवर विचारतात काय, तर एनसीव्हीटीचा (म्हणजे सरकारमान्य आयटीआय सर्टिफिकेटचा) ट्रेड कुठला, अप्रेंटिसशिप कुठे केली आणि हात कसा आहे. बस. तो इंटरनॅशनल डिप्लोमा दाखवला तर एचआरवाला नम्रपणे फाइल बाजूला ठेवेल.

ट्रेड म्हणाल तर फिटर, मशिनिस्ट, टर्नर, शीट मेटल, इलेक्ट्रिशियन, हेच नेहमीचे. खास विमानाचा म्हणून एक ट्रेड आहे, एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर, दोन वर्षांचा, नागपूरच्या सरकारी आयटीआयत दसॉ या फ्रेंच विमान कंपनीच्या मदतीने सुरू झाला, कारण तिथे मिहान औद्योगिक भागात त्यांच्या फाल्कन २००० विमानाचे भाग बनतात. पण त्यासाठी एवढ्याशा पोराला नागपूरला ठेवायची गरज नाही असं माझं मत. ठाण्याचं वागळे इस्टेटचं आयटीआय आहे, अंबरनाथ आहे, पनवेल आहे, फिटर कुठेही करा. दोन वर्षं फिटर, मग अप्रेंटिसशिप. ओझरला एचएएल ही सरकारी विमान कंपनी आहे, नाशिकजवळ, १९६४ मध्ये मिग लढाऊ विमानं बनवायला तो कारखाना उभा राहिला, मग सुखोई, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क १एची लाइन पण तिथे सुरू झाली. ते आयटीआयवाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेतात, जाहिरातीवर नजर ठेवायची. दुसरं म्हणजे वडोदरा, टाटांचा सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना, ५६ पैकी ४० विमानं तिथे बनायची आहेत, ठाण्याहून गाडीने जाता येतं. हैदराबाद, बेळगाव, बंगळूर आहेच. म्हणजे घर सोडावं लागेल, याची तयारी आईची आहे का ते आधी विचारा.

आता काम काय असतं ते सांगतो, कारण पोराला वाटत असेल विमानात बसून वायरी जोडायच्या. काम म्हणजे भोकं. दिवसभर भोकं पाडायची. अॅल्युमिनियमचा पत्रा, त्यात एक सुताच्या (इंचाचा आठवा भाग) रिव्हेटसाठी, म्हणजे पत्रे जोडायच्या डोकेवाल्या पिनेसाठी, ३० नंबरचं ड्रिल, भोक गुण्यात म्हणजे काटकोनात पाहिजे, जरा तिरकं गेलं की रिव्हेटचं डोकं पत्र्यावर बसत नाही. पत्रे जागच्या जागी धरायला क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिना असतात, एक सुताची तांब्याच्या रंगाची, त्याहून बारीक चंदेरी, त्याहून जाड काळी, पहिल्या आठवड्यात तेवढं पाठ होतं. मग सगळं परत सोडवायचं, प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली धार, काढायची, पुसायचं, सीलंट लावायचं, परत जोडायचं आणि मग रिव्हेट. रिव्हेटला दोन माणसं लागतात, एक बाहेरून गन धरतो, दुसरा आत अंधारात अंग मुडपून लोखंडी ठोकळा टेकवून बसतो. गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून पत्र्यावर टकटक करून सांगायचं बसला का नाही ते. मागचं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि अर्ध्याइतकं उंच झालं पाहिजे, कमी नाही जास्त नाही. आमच्याकडे एक प्रकारचे रिव्हेट फ्रीजमध्ये ठेवायचे, कुल्फीसारखे, बाहेर काढले की थोड्याच मिनिटांत मारायचे नाहीतर कडक होतात. नवीन पोरं त्यावरून हसायची, आणि मग एखादा डबा बाहेर राहिला की अख्खा डबा बाद, मग हसणं बंद.

आणि पेन्सिल. शिशाची पेन्सिल अॅल्युमिनियमवर चालवायची नाही, ग्राफाइटमुळे तिथे गंज धरतो. माझ्या पहिल्या महिन्यात मी सवयीने खिशातली पेन्सिल काढून सरळ रेघ मारली, सुपरवायझर ओरडला नाही, नुसता पेन्सिल घेऊन गेला आणि रेघ पुसायला मला स्वतःला लावलं, सगळी शिफ्ट.

वाईट बाजूपण सांगतो, कान जातात, मनगटं दुखतात. मी कानात प्लग घालायचा कंटाळा केला, आता बायको म्हणते टीव्हीचा आवाज कमी करा.

बी१_वाली_ताई:
काकांनी छान सांगितलंय, मी एएमईचं सांगते कारण आईंचा तो पर्याय आहे. मी लाइन मेंटेनन्सला आहे, नेरूळला राहते.

एएमई म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, दुरुस्तीची बाजू. त्यासाठी बारावी फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स, मग डीजीसीएच्या सीएआर-१४७ मान्यता असलेल्या संस्थेत कोर्स, बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनवाल्या विमानाचा सांगाडा आणि इंजिन, त्याचे २४०० तास, बी२ म्हणजे एव्हिओनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. डीजीसीएच्या मॉड्यूलच्या परीक्षा वेगळ्या, प्रत्यक्ष विमानावरचा अनुभव वेगळा, हे सगळं जमल्यावर सीएआर-६६ लायसन्स. कोर्स पास झालं म्हणजे लायसन्स हातात आलं असं नसतं, इथेच पोरं फसतात, माझ्या बॅचचे कितीतरी जण मॉड्यूलांत अडकून पडले आणि शेवटी दुसऱ्याच लाइनला गेले. पैसाही लागतो, तोही बराच.

दोन्ही रस्ते वाईट नाहीत पण ते वेगळे आहेत. तुमच्या भावाला हाताने घडवायला आवडतं का बिघडलेलं शोधून काढायला आवडतं? हे त्यालाच विचारा. मला घडवायला अजिबात आवडत नाही, मला बिघाड सापडला की झोप चांगली लागते 😀

त्या इन्स्टिट्यूटबद्दल: मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते, त्यात नाव बघा, पाच मिनिटांचं काम. आणि त्यांना लेखी विचारा की सर्टिफिकेट कोण देतं, एनसीव्हीटी का डीजीसीए का तुम्ही स्वतः. ‘टायअप आहे’ हे उत्तर धरायचं नाही.

महापे_सीएनसी:
काका रिव्हेटवर थांबले पण विमानाचा खूप माल मशीनवर निघतो भाऊ, ब्रॅकेट, रिब, फिटिंग. अख्खा अॅल्युमिनियमचा ठोकळा लावायचा आणि त्यातला बहुतेक भाग बुरादा करून काढून टाकायचा, राहतं ते विमान. त्यामुळे मशिनिस्ट ट्रेडचा पण विचार करा. आणि घराजवळ काम पाहिजे असेल तर हीच बाजू, विक्रोळीला गोदरेज इस्रोसाठी विकास इंजिन बनवतं, ते रॉकेटचं आहे विमानाचं नाही पण शिस्त तीच. आमच्यासारखी छोटी शॉपपण असतात ज्यांच्याकडे एएस९१००, म्हणजे विमानाच्या कामाचं क्वालिटी सर्टिफिकेट, आहे.

शिस्त म्हणजे काय ते ऐका. माझ्या आधीच्या कंपनीत (नाव नको) एकाने भोक दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश) मोठं केलं आणि गुपचूप भरून काढायला गेला. पार्ट बाद झाला असता तर कोणी काही बोललं नसतं, पार्ट बाद होतात. पण लपवलं म्हणून त्याच दिवशी गेटबाहेर. वर त्या दिवशीचा सगळा माल अडकवून ठेवला, प्रत्येक तुकडा कुठल्या बारमधून आला, कोणी लावला, कोणी मोजला, सगळे कागद परत काढले. आम्हाला तीन दिवस घरी जायला रात्र व्हायची. विमानाच्या कामात चूक सांगणारा माणूस लागतो, हे कुठल्या डिप्लोमात शिकवत नाहीत.

अजून एक धंदा चालतो त्यापासून सावध, ‘एनडीटी लेव्हल २ दोन वीकेंडमध्ये’. मी स्वतः पैसे घालवलेत म्हणून सांगतो. एनडीटी म्हणजे पार्ट न तोडता आतले दोष तपासणं, चांगली लाइन आहे पण विमानाच्या कामात तुमची कंपनी तुमचे कामाचे तास मोजून, परीक्षा घेऊन, डोळे तपासून सर्टिफाय करते, कंपनी बदलली की नवीन कंपनी परत आपल्या पद्धतीने करते. माझं ते सर्टिफिकेट नवीन कंपनीतल्या माणसाने बघितलं आणि विचारलं, हे कुठे केलंस, मी म्हटलं ठाण्याला, तर म्हणाला बरं, आता पहिल्यापासून सुरू कर.

घणसोली_एक्सप्रेस:
@महापे_सीएनसी ‘राहतं ते विमान’ 😂 हे टीशर्टवर छापून घेतो

दिवा_जंक्शन_पालक:
मध्येच घुसतोय. आयटीआय केलं की पुढचे रस्ते बंद होतात असं सगळे म्हणतात, माझी मुलगी पण फिटर म्हणतेय आणि घरात महाभारत चालू आहे. मुलींना घेतात का?

रिव्हेटवाला_काका:
@दिवा_जंक्शन_पालक बंद कसले. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून पुढे इंजिनिअरिंग. आमच्या लाइनचा एक इंजिनिअर तसाच आलेला, ड्रॉइंग चुकलं की त्याला पहिलं कळायचं कारण त्याने स्वतः भोकं पाडलेली. आणि मुलींना घेतात का म्हणजे काय, आमच्या वायरिंगच्या शेडमध्ये मुलीच जास्त होत्या. स्ट्रक्चरला कमी दिसतात. पण ठोकळा धरायला विंगच्या आत शिरायचं तर बारीक अंगाचा माणूस लागतो, माझ्यासारख्या पोटवाल्याला कोणी बोलवत नव्हतं.

एकच सांगतो, अप्रेंटिसशिप केली म्हणजे तिथेच नोकरी असं कायदा म्हणत नाही. वर्ष संपलं की बरेच जण परत घरी येतात. पण तो कागद आणि ते वर्ष पुढच्या गेटवर उपयोगी पडतं. स्टायपेंडवर बाहेरगावी भागत नाही, घरून थोडे पाठवावे लागतील, ते २ लाख ४० हजार त्यासाठी ठेवा.

कळवेकर_थोरला:
सगळ्यांना थँक्यू, अपडेट देतो. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर सानपाड्याला मी स्वतः गेलो. ताईंनी सांगितलेलं विचारलं, सर्टिफिकेट कोण देतं. मॅडम म्हणाल्या आमचं इंटरनॅशनल बोर्ड. कुठल्या देशाचं विचारलं तर त्या आतून सरांना बोलावून आल्या, सर म्हणाले अनेक देशांचं. डीजीसीएच्या यादीत नाव नाही. लेखी द्या म्हटल्यावर फीमध्ये एकदम ६० हजार डिस्काउंट निघालं. मी चहा पिऊन परत आलो.

डीव्हीईटीच्या, म्हणजे राज्याच्या आयटीआय प्रवेशाच्या, पोर्टलवर फॉर्म भरला, पहिला पर्याय ठाणे फिटर, दुसरा अंबरनाथ मशिनिस्ट. भाऊ दोन दिवस तोंड पाडून बसला, त्याला आयटीआय म्हणजे नापास पोरांचं वाटत होतं. मग काकांचं रिव्हेटचं उत्तर त्याला मोबाईलवर वाचायला दिलं. तीनदा वाचलं त्याने, आणि आईला विचारत होता घरात पेन्सिल कुठल्या कंपनीची आहे.

काल बाबांनी माळ्यावरून जुनी पेटी काढली. व्हाइस गॅलरीच्या कठड्याला आवळला, लोखंडाची पट्टी दिली आणि सांगितलं ही कानशीने सपाट कर, गुण्या लावल्यावर मागून उजेड दिसता कामा नये. त्याला वाटलं अर्ध्या तासाचं काम. सकाळी सुरू केलं ते दुपारी जेवायला उठला, तळहाताला फोड, आणि पट्टीच्या दोन्ही कडांना उजेड तसाच. बाबा लांबून बघून म्हणाले मध्ये नाही, तू कडा खातोयस, कानस डोलतेय. परत बसला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, हे करकर काय चाललंय म्हणून.

आज परत चालू आहे. काकूंना सांगितलंय पाच वाजता बंद करू.