फायनान्सच्या पेपरात केसवरचं उत्तर नेमकं लिहायचं कसं?

कागलची_पोरगी
बीकॉमला आहे, बिझनेस आणि पर्सनल फायनान्सचा पेपर पंधरा दिवसांवर आलाय. सराव परीक्षेत १० मार्काच्या प्रश्नाला दोन पानं भरून लिहिलं तर ४ मिळाले, आणि बाजूला लाल पेननं एवढंच, 'केस कुठाय?', म्हणजे प्रश्नात दिलेला प्रसंग. प्रश्न असा, चप्पल दुकानदाराची चालू मालमत्ता (वर्षभरात रोख होणारी) ६ लाख, त्यात ४ लाखांचा माल, चालू देणी (वर्षभरात फेडायची) ४ लाख, तर त्यानं आणखी कर्ज घ्यावं का. मी खेळतं भांडवल, प्रकार, महत्त्व सगळं उतरवलं. पाठांतर चोख होतं ओ, मग चुकलं कुठं कळंना झालंय.

शाहूपुरीचा_गूळ
ताई, 'घ्यावं का' विचारलंय आणि तू 'म्हणजे काय' लिहिलंयस. व्याख्येला एक ओळ बास. मग आकडे घे, ६ भागिले ४ म्हणजे चालू गुणोत्तर १.५:१, पुस्तकात २:१ बरं मानतात. पण खरी गोम मालात आहे, माल वगळला की उरतात २ लाख आणि देणी ४ लाख, म्हणजे तरल गुणोत्तर ०.५:१. इथंच लई पोरं थांबतात. पुढं लिही की धनकोंनी, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांनी, उद्या पैसे मागितले तर रुपयाला आठ आणेच हातात आहेत. आमच्या मामाचं चपलांचं दुकान आहे, पावसाळ्यात कातडी चप्पल कोण घेत नाही, माल रॅकवर आणि माल देणारा व्यापारी पैशासाठी दारात, हे मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून आधी माल मोकळा कर, उधारी वसूल कर, कर्जाचं नंतर, असा निर्णय कारणासकट लिही.

खडूफळा
मी पेपर तपासते म्हणून सांगते. गणित असेल तर आधी सूत्र, मग किमती, मग उत्तर रुपयांत. ५०,००० रुपये ८ टक्के चक्रवाढीनं ३ वर्षांत ६२,९८६ होतात, सरळव्याजानं ६२,०००. बेरीज चुकली तरी सूत्राचे आणि पायऱ्यांचे मार्क आम्ही देतो, नुसतं चुकीचं उत्तर असेल तर काय देणार? आणि 'सल्ला द्या' आलं की माणूस बघा, वय, घरची जबाबदारी, पैसे कधी लागणार. पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न असलेल्याला सगळे पैसे शेअर्समध्ये घाल म्हणून लिहितात पोरं, वाईट वाटतं.

रंकाळ्यावरचा
वेळ पण बघ. ८० मार्क, ३ तास असतील तर मार्काला सव्वादोन मिनिटं, म्हणजे १० मार्काला बावीसेक मिनिटं.

कागलची_पोरगी
आत्ता बसून परत लिहिलं, शेवट असा केलाय: 'तरल गुणोत्तर ०.५:१ असल्यानं नवीन कर्जाचा हप्ता भरायलाच रोख नाही, म्हणून सध्या कर्ज घेऊ नये, मात्र निम्मा माल जरी किमतीला विकला तरी रोख ४ लाख होऊन देणी भागतात.' चालंल का?

खडूफळा
चालेल की! फक्त हातातले २ लाख अधिक मालाचे २ लाख ही बेरीज मांडून दाखव, तपासणाऱ्याला शोधायला लावू नकोस.