मदत हवी आहे : उजनीचं सामान भाट्येच्या समुद्रावर रात्रभर चालेल का?

भीमाकाठ (सोलापूर)

नमस्कार मंडळी. उजनीच्या फुगवट्यात चिलापी, मरळ, कटला यांच्यासाठी गळ टाकायची सवय आहे, समुद्राची अजिबात नाही. कार्तिक वद्य चतुर्थीला आम्ही तिघं मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असं करून रत्नागिरीला पोचतोय. रात्र भाट्येच्या वाळूवर काढायची आहे. सामान : ७ फुटी रॉड, ३००० नंबरची रील, ०.३० मिमीची तंगूस (नायलॉनची दोरी), ३० ग्रॅमची गोल शिसं, ६ नंबरचे गळ. आमिष म्हणून कणीक आणि गांडुळं. एवढ्यावर भागेल का? किती वाजता बसावं? आणि रात्री तिथे धोका कशाकशाचा?

खाडीमुख

सामानाचं नंतर बघू, आधी घड्याळ बदला. उजनीत पाणी जागेवर असतं आणि आपण माशाची वाट बघतो. इथे पाणी चालतं आणि मासा त्याच्याबरोबर येतो.

कालनिर्णय समोर घ्या आणि तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन. पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी एकदा आणि मध्यरात्रीनंतर एकदा. ओहोटी त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो, रत्नागिरीत भरती थोडी लवकर लागते. म्हणून निघण्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून रत्नागिरीची वेळ पक्की करा. दुसऱ्या रात्रीही थांबणार असाल तर त्या वेळेत सुमारे ५० मिनिटं मिळवा.

म्हणजे तुमच्या रात्री पाणी आठ-नऊच्या आसपास तळाला जाईल आणि मग चढू लागेल. चढत्या पाण्याचे पहिले दोन-तीन तास आणि भरती पुरी व्हायच्या आधीचा एक तास, हे सोन्याचे. भरती पुरी होऊन पाणी थबकतं तेव्हा खाऊन घ्या, दोरी तपासा.

पण पोचा मात्र सूर्यास्ताआधी. उतरत्या पाण्यात किनारा वाचता येतो. लाटा कुठे फुटतात आणि कुठे न फुटता सरळ आत येतात ते बघा. जिथे फुटत नाहीत तिथे खळगा आहे, पाणी खोल आहे, मासा त्याच वाटेने वर येणार. सुरूच्या झाडांतलं एखादं ठळक झाड खूण म्हणून धरून ठेवा, अंधारात तेवढंच कामाला येतं. त्याच खळग्यातून लाटेचं पाणी जोरात परत समुद्रात जातं. तिथे गळ टाकायचा, पाय नाही. काजळी नदी मिळते त्या टोकाला मासा जास्त, पण ओढही फार. पहिल्या रात्री त्या टोकापासून लांब बसा.

तंगूसवाला

आता सामान. ३० ग्रॅमचं गोल शिसं लाटेत गडगडत दहा मिनिटांत काठाला येईल. १०० ते ११० ग्रॅमचं, तारांचे पाय असलेलं शिसं घ्या, ते वाळू धरतं. एवढं वजन ७ फुटी रॉडने फेकायला जाऊ नका, टोक मोडेल. ११ ते १२ फुटी, १५० ग्रॅमपर्यंत झेपणारा रॉड, ५००० किंवा ६००० ची रील, ०.३५ ची तंगूस २५० मीटर. तिघांत असा एक रॉड पुरे.

सगळ्यात मोठी चूक होते ती पुढच्या जाड दोरीत, म्हणजे तंगुसाच्या टोकाला शिशाच्या बाजूने जोडायच्या दोरीत. फेकीचा झटका पातळ तंगूस सोसत नाही. ती तुटली की शिसं अंधारात कुणाच्याही डोक्यात जाऊ शकतं. दर २८ ग्रॅम शिशामागे १० पौंड ताण सोसणारी दोरी हा हिशेब धरा. ११० ग्रॅमला किमान ४० पौंडाची दोरी, लांबी साधारण ८ मीटर, म्हणजे फेकताना तिचे पाच-सहा वेढे रीलवर राहतात. दोन्ही दोऱ्यांची गाठ स्पूलच्या (रीलवरच्या दोरीच्या चकरीच्या) खालच्या कडेला ठेवा, वर राहिली तर बोट कापते.

कणीक लाटेत विरघळते आणि खाऱ्या पाण्यात गांडूळ लुळं पडतं. कोळंबी, तारली, बांगड्याची पट्टी किंवा माकुल (स्क्विड) लावा. मऊ आमिषाला बारीक इलॅस्टिकचा दोरा गुंडाळा, नाहीतर फेकतानाच सुटतं. शिंगाळ्याला (समुद्री कॅटफिश) १/० ते २/० गळ, जिताड्याची आशा असेल तर ४/०.

तुमचा ७ फुटी रॉड घरी ठेवू नका. ६ नंबरचा गळ, कोळंबीचा नखाएवढा तुकडा, ३० ग्रॅम शिसं, आणि फेक वीस-पंचवीस मीटर. मुडदुशी हा मासा पहिल्या लाटेच्या मागेच चरतो. बरेच जण त्याच्या डोक्यावरून शंभर मीटर पुढे फेकतात.

भीमाकाठ (सोलापूर)

फार आभार, निम्मं तर माहीतच नव्हतं. रॉड वाळूत कसा उभा करता?

तंगूसवाला

दीड-दोन इंची पीव्हीसी पाइप, चार फूट. खालचं टोक तिरकं कापा, वरून एक फुटावर आडवा बोल्ट घाला म्हणजे रॉडचा बुडखा त्यावर टेकतो. दीड फूट वाळूत खुपसा. सोलापुरातच करून न्या. टोकाला घुंगरू बांधा. दोरी एकदम सैल पडली तरी उचला, मासा शिसं उपटून काठाकडे येत असतो.

वाळूपाय

धोक्यांचं राहिलं. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक विषारी काटा असतो. पकडीशिवाय गळ काढू नका. पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत न्या, म्हणजे तळाला बसलेली पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) सरकते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, तास-दीड तास पाय बुडवा. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासा, आणि मग दवाखाना. थर्मास त्यासाठीच न्या, चहासाठी दुसरा. गळाला साप दिसला तर दोरी कापा, समुद्रसाप विषारी असतो. फुग्यासारखा फुगणारा मासा सोडून द्या, तो खाण्याचा नाही.

लाल प्रकाशाची हेडलाइट घ्या. हिवाळ्यात कोकणच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पांढऱ्या उजेडाने मादी परत फिरते. दिसली तर बाजूला व्हा, दोऱ्या गुंडाळा. दव फार पडतं, चादरी जास्तीच्या घ्या.

भीमाकाठ (सोलापूर)

शेवटचं : आमिष सोलापुरातून बर्फात आणू का?

खाडीमुख

नको, पोचेपर्यंत मऊ पडेल. मिरकरवाडा बंदरावर ताजी कोळंबी आणि तारली मिळते. तिथेच घ्या, जाड मीठ चोळून डब्यात ठेवा, रात्रभर घट्ट राहते. परतल्यावर रीलचा ड्रॅग (दोरी सुटण्याचा ब्रेक) आवळून वरून गोडं पाणी सोडा, बादलीत बुडवू नका. पुसून मग ड्रॅग सैल करून वाळवा.