फास्ट : जलद, उपास आणि न जाणारा रंग

‘फास्ट’ म्हणजे जलद, हे मुंबईत कुणाला शिकवावं लागत नाही. इंडिकेटरवर ‘एफ’ दिसला की माणसं जिना धावत उतरतात. ठाण्याच्या पुढचे लोक तर ‘डबल फास्ट’सुद्धा ओळखून असतात. पण याच शहरात श्रावणी सोमवारी ऑफिसमध्ये डबा पुढे केला की ‘नको, आज माझा फास्ट आहे’ असं उत्तर येतं, आणि दादरला कापड घेताना बायका ‘कलर फास्ट आहे ना?’ असं विचारून घेतात. हे तीन वेगवेगळे शब्द असून योगायोगाने सारखे दिसतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तिन्ही एकाच घरचे आहेत, आणि ते घर वेगाचं नाही, घट्टपणाचं आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता घट्ट, पक्का, न हलणारा. जर्मन ‘फेस्ट’मध्ये तो आजही तोच आहे. इंग्रजीतही तो अर्थ मेलेला नाही. विमानात सीटबेल्ट ‘फासन’ करायला सांगतात तो याचाच भाऊ. ‘स्टेडफास्ट’ म्हणजे आपल्या जागेवर ठाम. बंदरात जहाज दोरखंडाने धक्क्याला बांधणं म्हणजे ‘मेक फास्ट’. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे पटकन झोपलेला नव्हे, गाढ झोपलेला. मुलांना शिकवताना हे आवर्जून सांगावं, कारण इथे ‘जलद’ धरून चाललं की वाक्याचा पार विचका होतो.

कापडाचा ‘फास्ट’ रंगही असाच. रंग धाग्याला घट्ट धरून बसला, धुतला तरी सुटत नाही. मराठीत आपण ‘पक्का रंग’ म्हणतो, ते अगदी चपखल आहे.

याच अर्थाचा एक वापर मुंबईत फार महत्त्वाचा आहे. क्षयरोगाच्या थुंकी-तपासणीच्या रिपोर्टवर ‘एएफबी’ अशी अक्षरं असतात, म्हणजे ‘ॲसिड-फास्ट बॅसिलाय’. ॲसिडने काहीतरी भराभर होतं, असा समज इथे सहज होऊ शकतो. खरं उलटं आहे. काचपट्टीवरच्या थुंकीच्या थराला लाल रंग देऊन खालून गरम करतात, मग तो ॲसिड मिसळलेल्या अल्कोहोलने धुतात. बाकी सगळ्याचा लाल रंग निघून जातो. क्षयाच्या जंतूचं आवरण मेणचट असल्यामुळे त्याचा मात्र सुटत नाही. शेवटी निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. ॲसिडनेही रंग न सोडणारा, तो ‘ॲसिड-फास्ट’. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कोखने हा जंतू १८८२ मध्ये दाखवून दिला, आणि झील व नील्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रंगवण्याची पद्धत अजून वापरात आहे. रुग्णाच्या घरच्यांना रिपोर्ट समजावताना ‘ॲसिडने धुतला तरी रंग न सोडणारा जंतू’ एवढं सांगितलं तरी पुरे.

आता खरा प्रश्न. न हलणाऱ्यापासून धावणाऱ्यापर्यंत हा शब्द पोचला कसा? मधला टप्पा आहे ‘जोर’. घट्ट धरणं म्हणजे जोर लावून धरणं. त्यावरून क्रियाविशेषण म्हणून ‘फास्ट’चा अर्थ ‘नेटाने, सगळी ताकद लावून’ असा झाला. नेटाने लढणं, नेटाने पळणं. आणि नेटाने पळणारा अर्थातच वेगाने पळतो. हळूहळू ताकद मागे पडली आणि वेग उरला. जलद अशा अर्थाचं विशेषण म्हणून तो १६व्या शतकात रुळला, म्हणजे शब्दाच्या वयाच्या मानाने बराच उशिरा.

हे पटायला अवघड वाटत असेल तर आपलं ‘जोरात’ पाहा. जोर म्हणजे ताकद. शब्द फारसीतून आला. पण ‘गाडी जोरात चालवू नकोस’ म्हणताना आपल्या मनात ताकद असते का? नाही, फक्त वेग असतो. ‘जोराचा पाऊस’मध्ये दोन्ही असतात. इंग्रजीत ‘फास्ट’ जिथून गेला, त्याच वाटेने मराठीत ‘जोरात’ गेला, आणि दोघांची गाठ कधी पडलेली नाही. मला ही गोष्ट कुठल्याही व्युत्पत्तीपेक्षा मोठी वाटते.

उपासाचंही तेच. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘फास्तान’ या क्रियापदाचा अर्थ धरून ठेवणं, पाळणं, आणि उपास करणं. आपण काय म्हणतो? एकादशी धरली, सोळा सोमवार धरले, ‘मी शनिवार धरतो’. शिवाय उपास कडक असतो, कडकडीत असतो. ‘धरणं’ आणि ‘कडक’, दोन्ही आपल्याकडे हजर आहेत.

धरलेलं मोडलं की ‘ब्रेकफास्ट’. (‘डिनर’ही फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या उपास सोडण्याच्याच शब्दापासून आला, जेवणाची वेळ सरकत सरकत रात्रीवर गेली.) ब्रेकफास्टला ‘न्याहारी’ किंवा ‘नाश्ता’ म्हणणं रोजच्या वापराला बरोबरच आहे. पण शब्दाच्या घडणीशी जुळणारा मराठी शब्द हवा असेल, तर तो ‘पारणं’: एकादशीचा उपास द्वादशीला सोडतात, ते.